बिल्डिंग गाडीवर पडली तर

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भूकंप यायचा होता, पण बटाटेवडे गार व्हायला लागल्यामुळे तो पुढच्या वर्षावर ढकलण्यात आला. विषयपत्रिकेत त्याची जागा शेवटची होती, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात. भूकंपाला याहून योग्य सदर सापडणार नाही. तो आयत्या वेळीच येतो. अध्यक्षांची परवानगी तेवढी घेईल की नाही, सांगता येत नाही.

सेक्रेटरींचं म्हणणं साधं होतं. इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उपविधींप्रमाणे सोसायटीने काढायलाच हवा. आपण तो गेली ११ वर्षं काढलेला नाही. कोटेशन आलं आहे, घरटी वर्षाला १४०० रुपये पडतील. हा आकडा ऐकताच सभागृहाला (म्हणजे पार्किंगला, सभा तिथेच भरते) खराखुरा हादरा बसला. १४०० रुपये! याच सभेने पंधरा मिनिटांपूर्वी गेटवर सोसायटीचं नाव स्टीलच्या, मागून दिवे लागणाऱ्या अक्षरांत लावण्यासाठी घरटी २२०० रुपये टाळ्यांच्या गजरात मंजूर केले होते. इमारत गेली तरी नाव मागे राहावं, अशी भावना त्यामागे असावी. आपल्या संस्कृतीत ती जुनीच आहे.

मग बी-३०४ उभे राहिले. माझ्या बरोबर खाली राहतात, माणूस सज्जन आहे. ते म्हणाले, "अहो सेक्रेटरीसाहेब, पुण्यात कुठला आलाय भूकंप? आपण बेसाल्टवर बसलोय, बेसाल्टवर! हा दगड हलत नाही." लोकांनी माना डोलावल्या. पुण्यात दगडाविषयी कुणी ठामपणे बोललं की लोक माना डोलावतातच.

हाच बेसाल्ट किल्लारीच्याही खाली होता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन उरकून लोक दमून झोपलेले. वर माळवद, त्यावर मातीचे जाड थर, खाली दगडमातीच्या भिंती. तेव्हाच्या नकाशात तो सगळा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. जवळपास १०,००० माणसं गेली, मग नकाशा बदलला. २००२च्या त्या नव्या नकाशात पुणे आणि मुंबई तिसऱ्या झोनमध्ये आहेत आणि कोयनेचा परिसर चौथ्यात. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर जमीनदोस्त झालं तेव्हा पुण्यातल्या आमच्या वाड्यात मांडणीवरची भांडी खाली आली होती, हे आई अजून सांगते. तेव्हाही खाली बेसाल्टच होता. हे सगळं मी सभेत बोलणार होतो. पण माइक बी-३०४ यांच्या हातात होता आणि ते तो सोडत नव्हते.

पाठोपाठ इतर विद्वानांची मतं आली. एक जण म्हणाले, सरकार देईल की काहीतरी. दुसऱ्यांनी बिल्डरवर केस करू म्हणून सांगितलं. बिल्डर ऑफिस बंद करून गेल्याला नऊ वर्षं झाली. तिसरे हळूच म्हणाले, "पडली तर रिडेव्हलपमेंट तरी मार्गी लागेल." या सूचनेला सर्वांत जास्त पाठिंबा मिळाला. एफएसआयच्या आशेने भूकंपाची वाट पाहणारी आमची बहुधा पहिलीच गृहनिर्माण संस्था.

आणि मग खजिनदारांनी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. "ते जाऊ दे. बिल्डिंग गाडीवर पडली, तर गाडीचं काय?"

सभा प्रथमच गंभीर झाली.

याचं उत्तर मला ठाऊक होतं. गाडीचं सगळं मिळेल. आपल्याकडे ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात त्या मोटार पॉलिसीत भूकंपाने झालेलं नुकसान धरलेलंच असतं. नुसती थर्ड पार्टी घेतली असेल तर मिळणार नाही, पण आमच्याकडे नुसती थर्ड पार्टी फक्त वॉचमनच्या मोपेडची आहे. बाकी ३९ चारचाक्यांना फुल इन्शुरन्स, वर झीरो डेप. बी-३०४ यांच्या नव्या गाडीला तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस'ही आहे, म्हणजे गाडी पार चेपली तर शोरूमच्या बिलाइतके पैसे परत. इंजिनाचं वेगळं संरक्षण आहे. किल्ली हरवली तर नवी किल्ली मिळते.

तेव्हापासून मला ती सकाळ डोळ्यांसमोर दिसते आहे. आम्ही ४८ कुटुंबं रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उभी. कुणी गाउनमध्ये, कुणी बनियनवर, एकाच्या हातात टीव्हीचा रिमोट. समोर धूळ. अशा वेळी सगळ्यात आधी कोण येणार? गाडीच्या विम्याचा सर्व्हेअर. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. "नमस्कार साहेब, आरसी बुक आहे का?" आरसी बुक वरच्या कपाटात होतं. कपाट आता खाली आहे. "बरं, गाडी नेमकी कुठे उभी होती?" बी-३०४ ढिगाऱ्याकडे बोट दाखवतात : तिथे, सातव्या मजल्याच्या खाली, सहाव्याच्याही खाली, म्हणजे तिसऱ्याच्या खाली, आमच्याच बेडरूमच्या खाली म्हणा ना. "गाडी चालू होती की बंद?" पहाटेचे चार वाजले होते हो. "हँडब्रेक?" ओढला होता. "फोटो लागतील चारही बाजूंनी." मग टोइंगवाल्याचा फोन येतो, 'रोडसाइड असिस्टन्स' पॉलिसीतच आहे, तो नम्रपणे विचारतो की गाडीभोवतीचे अडथळे बाजूला करता येतील का. अडथळे म्हणजे आमची घरं. पण सगळं रीतसर पार पडतं, क्लेम पास होतो, पैसे खात्यात जमा होतात आणि महिन्याभरात ३९ नव्याकोऱ्या गाड्या, काचेवर हार आणि चाकांखाली लिंबू, त्याच फुटपाथला लागून उभ्या राहतात. पार्किंग मात्र नाही. घरही नाही, पण ती गोष्ट वेगळी. गाडीवाली कुटुंबं आपापल्या गाडीत एसी लावून झोपतात आणि पाच तारखेला त्याच गाडीत बसून, ज्या घराचा ढिगारा महापालिकेने उचलून नेला त्या घराचा हप्ता भरायला बँकेत जातात. हप्ता अजून सतरा वर्षांचा आहे.

इथे कुणीतरी म्हणतंच, "बँकेने कर्ज देताना विमा गळ्यात मारलाय ना!" मारलाय. तो कागद एकदा काढून वाचा. बहुतेकदा तो तुमच्या जिवाचा असतो, भिंतींचा नसतो. भूकंपात तुम्ही गेलात तर बँकेचे पैसे सुटतात. तुम्ही वाचलात आणि घर गेलं, तर वाचल्याचा दंड म्हणून उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर.

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण सभा संपल्यावर, वडा संपवत असताना, माझं लक्ष मागच्या खांबाकडे गेलं.

बी-३०४ यांची नवी गाडी जुनीपेक्षा रुंद आहे. वळवताना तिचा आरसा खांबाला घासायचा. म्हणून त्यांनी दिवाळीच्या आधी खांबाचा एक कोपरा छिन्नीने दोन इंच काढून घेतला. गवंडी आला, अर्ध्या तासात काम करून गेला, ३०० रुपये घेतले. पार्किंग कमिटीने हरकत घेतली, ती धुळीबद्दल. सात मजले ज्याच्यावर उभे आहेत तो खांब एका गाडीच्या आरशासाठी फोडला, आणि ४८ घरांतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या ४८ मध्ये मीही आलो.

फोडलेल्या जागी आतली सळई आणि तिच्याभोवतीची रिंग उघडी पडली आहे. मी वाकून पाहिलं. त्या रिंगचं टोक काटकोनात वळवलेलं आहे. भूकंपाच्या प्रदेशातल्या बांधकामाचा नियम सांगतो की ते १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात घुसवायचं, म्हणजे हादऱ्याने वरचं कव्हर उडालं तरी रिंग उघडत नाही आणि सळया फुगून बाहेर येत नाहीत. एका रिंगमागे दोन बोटं जास्त सळई आणि फिटरचा अर्धा मिनिट जास्त वेळ, एवढाच काय तो खर्च. एवढा खर्चही केलेला नाही. आणि ही एक रिंग गाडीच्या कृपेने दिसली. बाकीच्या शेकडो रिंगा कुणी पाहिल्यात? आमच्या २००४च्या ब्रोशरमध्ये 'भूकंपरोधक आरसीसी फ्रेम स्ट्रक्चर' ही ओळ छापलेली आहे. वर 'ब्रँडेड नळ', खाली 'किचनमध्ये ग्रॅनाइटचा ओटा'. नळ ब्रँडेड आहेत की नाही हे आम्ही ताबा घेताना प्रत्येकाने उघडून, फिरवून, वास घेऊन पाहिलं होतं. एका नळासाठी बी-विंगने बिल्डरला वकिलाची नोटीस धाडली होती! भूकंपरोधक म्हणजे काय, हे एकानेही विचारलं नाही. आरसीसीचे नकाशे सोसायटीकडे आहेत का? नाहीत. स्ट्रक्चरल ऑडिट? पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं. आमचं एकदाही झालेलं नाही. लिफ्टचा आरसा बदलायला मात्र तीन कोटेशनं मागवली होती.

खाली नुसते खांब, मोकळं पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले : ही इमारतीची सर्वांत नाजूक जात आहे. २६ जानेवारी २००१च्या सकाळी कच्छमध्ये जमीन हादरली. तिथून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या बऱ्याच अशाच होत्या. खांब मोडले, वरचे मजले बसले. गाड्या खालीच होत्या.

लोक 'तयारी' म्हणतात ती घरात कशी आहे तेही पाहून घ्या. हादरा बसला की टेबलाखाली शिरावं, म्हणतात. आमच्या टेबलाखाली रद्दी आहे आणि पलंगाखाली स्टोरेज. डोक्यावर माळा, माळ्यावर लग्नातली पितळी भांडी. भिंतीत एक स्क्रू घालून कपाट बांधून टाकायला सांगितलं, तर 'टाइल फुटेल' हे उत्तर तयार.

तर मी चिडून स्वतःपुरती पॉलिसी काढली. २०२१च्या एप्रिलपासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच साच्याची पॉलिसी मिळते आणि भूकंप तिच्यात मुळातच धरलेला असतो, वेगळा मागावा लागत नाही. विमा बांधकामाच्या खर्चाचा उतरतो, फ्लॅटच्या बाजारभावाचा नाही. माझं चटईक्षेत्र ७०० चौरस फूट, फुटाला २,५०० रुपये धरले, साडेसतरा लाख झाले. जमिनीचा भाव यात येत नाही. जमीन भूकंपानंतरही जागच्या जागी असते. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण. वर्षाचा हप्ता हजाराच्या आत बसला. बी-३०४ यांच्या गाडीला मागच्या काचेवर लावलेल्या त्या काळ्या फिल्मचे याहून जास्त पडले होते.

पॉलिसी हातात आली तेव्हा मोठ्या समाधानाने ती फाइलला लावली. रात्री झोप येईना, तेव्हा लक्षात आलं की मी चौथ्या मजल्यावर राहतो. पैसे मिळतील, पण चौथा मजला एकट्याने बांधता येत नाही. आधी पार्किंग लागतं, मग पहिला, दुसरा आणि तिसरा.

त्या खांबाला परवा प्लास्टर केलं. वर पिवळे-काळे पट्टे मारलेत आणि गाडी वळवायला सोपं जावं म्हणून बहिर्गोल आरसा बसवलाय. पुढची सर्वसाधारण सभा सप्टेंबरात आहे. बी-३०४, १४०० रुपयांचं तेवढं बघा.