सपत्नीक प्रतिनिधी

वारासिवनीच्या एखाद्या विणकर संस्थेचे सचिव हातमागाच्या परिषदेला मुंबईला निघाले की वहिनीही निघतात, आणि गाव हसतं. गोंदियाला दुपारी विदर्भ एक्सप्रेस धरायची, रात्रभर डब्यातल्या पुऱ्या, सकाळी मुंबई. भाऊंच्या गळ्यात ओळखपत्र, वहिनींच्या पायात साडीखाली कोरे पांढरे बूट. हे कसलं काम, ही तर सहल, असा आरोप होतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सहल परिषदेनेच काढलेली असते. हे जोडपं तीत थोडंफार काम करून येतं. हातमागावर बोलायचं तर माग जिथे आहे तिथे बसावं. वारासिवनीच्या हातमाग साड्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या कोष्ट्यांच्या घरी माग बघायला तिकीट लागत नाही. तरी परिषद भरते मुंबईच्या गारठलेल्या हॉटेलात, जिथे माग पडद्यावर दिसतो आणि धोटा कुणाला उचलता येत नाही. शिवाय पत्रिकेत शेवटच्या दिवशी 'स्थलदर्शन' छापलेलंच असतं. वहिनी ते पहिल्या दिवशी सुरू करतात, एवढाच काय तो गुन्हा.

पण मग सत्रं बुडतात त्याचं काय? बुडतात खरी. मात्र कोण काय बुडवतो, हेही पाहावं. १९५६पर्यंत वारासिवनीच्या मुलुखाची राजधानी नागपूर होती. मग कागद भोपाळला जाऊ लागले आणि सचिवांची लेखणी हिंदी झाली. मुंबई म्हणजे आपल्या भाषेत मोकळं बोलायची जागा, तर परिषद चालते इंग्रजीत! सभागृहात भाऊंना जेवढं कळतं, त्याच्या दसपट रस्त्यावर कळतं. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, चहा एवढं आटोपलं की दारातून हाक येते, "चला जी, सही झाली न?" घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे आयोजकांना ठाऊक नसतं, वहिनींनी गोंदियातच विचारून ठेवलेलं असतं. १९२४चं गेटवे पाहून त्या कबुतरांबद्दल दोन शब्द बोलतात आणि पुढे निघतात. खरी परिषद भरते दादरच्या साडीच्या दुकानात. वहिनी पदर आधी उलटा करतात. मागचे सुटे धागे अंगठ्याने चाचपतात, काठ नखाने किंचित ओढून पाहतात, मग किंमत विचारतात आणि भाऊंकडे नुसतं बघतात. आपल्या गावची साडी इथे कितीला जाईल, गिऱ्हाईक कोणत्या रंगाला हात लावतं, दुकानदार कुठे खोटं बोलतो, हे सगळं त्या बघण्यात असतं. 'बाजारपेठेच्या संधी' या सत्रात यातलं काहीच निघत नाही. परतल्यावर भाऊ हिंदीत प्रतिवेदन लिहितात, त्यातला एकच परिच्छेद कामाचा असतो, आणि तो दादरचा असतो.

खर्चाचा आक्षेप तर टिकतच नाही. प्रवासभत्त्याच्या बिलात वहिनी कुठेच नसतात. त्यांचं तिकीट भिशीच्या पैशातून निघतं. तेव्हा फुकटात काम कोण करून घेतं, हे संस्थेने एकदा तपासावं. यावर कुणी न्यायबुद्धीने म्हणेल, की मग वहिनींनाच रीतसर प्रतिनिधी करा, खुर्ची द्या, भत्ता द्या. सूचना योग्य आहे, फक्त त्यांना विचारून पाहा. "आन् मंग मुंबई कोन पाहील, बाप्पा?"