तीन प्रती, स्वसाक्षांकित

प्रति,
मा. शालेय शिक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई
(एक प्रत पुण्यात मध्यवर्ती इमारतीत हातोहात देत आहे. पोच मिळावी.)

विषय : शिक्षक होण्याच्या इतक्या वाटा काढून दिल्याबद्दल आभार मानणेबाबत.

संदर्भ : १) आपला दि. २ मे २०१२ चा भरतीबंदीचा निर्णय. २) त्यानंतरचे आपले सर्व निर्णय, शुद्धिपत्रके आणि शुद्धिपत्रकांची शुद्धिपत्रके. ३) माझ्या दुकानाचे चालू महिन्याचे वीजबिल.

महोदय,

मी सदाशिव पेठेतला एक झेरॉक्सवाला. शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्लीत आठ बाय दहाचा गाळा आहे. दोन मशीन, एक संगणक, एक लॅमिनेशन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. फटाकेवाल्याची दिवाळीत कमाई होते, रेनकोटवाल्याची जूनमध्ये. माझी सुगी बारा महिने चालते आणि ती केवळ आपल्या कृपेने. बरीच वर्षे आभार मानायचे राहून गेले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी धंद्यात आलो तेव्हा शिक्षक होणे फारच सोपे होते. बारावी झाली की डी.एड., ते झाले की नोकरी. तालुक्या-तालुक्याला डी.एड. कॉलेजे निघाली होती. बापाने एकरभर विकून मुलीला डी.एड. केले की स्थळे दारात चालून यायची. झेरॉक्सवाल्याला मात्र त्यात काय मिळणार? एक गुणपत्रिका, एक दाखला, संपले. मग ऑक्टोबर २०११ मध्ये आपण राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी केलीत आणि हजेरीपटावरची कितीतरी मुले वर्गात सापडलीच नाहीत. खोटी निघाली मुले, त्यांच्या जोरावर अनुदान खाल्ले संस्थांनी आणि पुढच्या मे महिन्यात भरती बंद झाली ती डी.एड. होऊन घरी बसलेल्यांची. न्याय कसा असावा हे मी तेव्हा शिकलो. कॉलेजे ओस पडली. नाव बदलून डी.एल.एड. केले, पण नव्या पाटीने जुने गिऱ्हाईक परत येत नाही, हे आम्हा दुकानदारांना कुणी सांगायला नको.

पदवीधरांसाठी बी.एड. होते. ते वर्षभराचे होते. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. मी खूश झालो, कारण पाठ टाचणे दुप्पट, छात्रसेवाकालाचे अहवाल दुप्पट. आता नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतरचे चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. आले आहे आणि ते जुने एक वर्षाचेही नव्या कपड्यांत परत यायच्या बेतात आहे म्हणतात. एक, दोन, चार. तीन तेवढे राहिले, त्याचा विचार व्हावा. शिवाय ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बी.एड. झालेला माणूस पहिली ते पाचवीला चालणार नाही, त्याला डी.एल.एड.च पाहिजे. म्हणजे ज्यांनी जास्त शिकायचे म्हणून डी.एल.एड. सोडून बी.एड. केले, ते बरोबर धाकट्या पोरांपुरते अशिक्षित ठरले. निकालाचे कारण मला पटते. सहा वर्षांच्या पोराला शिकवणे ही वेगळीच विद्या आहे. पण ते कळेपर्यंत आपण या मुलांकडून किती फॉर्म भरून घेतलेत, ते माझ्या मशीनचा मीटर सांगेल.

आणि मग परीक्षा. बी.एड.ला घुसायला सीईटी. बाहेर पडल्यावर टीईटी, १५ डिसेंबर २०१३ पासून. दीडशेत नव्वद पडले की माणूस शिक्षक व्हायला पात्र. पण २०१७ साली आपल्या लक्षात आले की पात्र असणे वेगळे आणि कल व बुद्धी असणे वेगळे, म्हणून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी काढलीत. दोनशे प्रश्न, दोन तास. तिला म्हणतात टेट. आधीची टीईटी, नंतरची टेट. दिवसातून वीसदा घोळ व्हायला लागला, तेव्हा मी दुकानावर पाटी लावली : ‘टीईटी की टेट, हे घरी ठरवून मगच रांगेत उभे राहावे.’ ही टेट दरवर्षी होत असती तर आमचा दिनक्रम लागला असता. ती डिसेंबर २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला. एखाद्या नवसाच्या जत्रेसारखी, देवाला आठवण झाली की भरते.

टीईटीबद्दल एक कबुली देतो. परीक्षा परिषदेचे कार्यालय कॅम्पात लाल देवळासमोर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या आयुक्तांनाच अटक केली. पैसे घेऊन नापासांना पास केल्याचा आरोप. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांची यादी लागली, निकाल रद्द. त्यांतल्या काहींच्या प्रमाणपत्रांच्या प्रती माझ्याकडेच निघालेल्या असणार. मला कधी शंका आली नाही. झेरॉक्सला शंका येत नाही, खोटे प्रमाणपत्रही ती तितकेच स्वच्छ काढते. पोरांनी खाली ‘स्वसाक्षांकित’ लिहून सही केली, मी पानाला दोन रुपये घेतले, व्यवहार पूर्ण झाला.

आता पवित्र पोर्टल. या नावाचा इंग्रजी विस्तार ‘पोर्टल फॉर व्हिजिबल टू ऑल टीचर रिक्रूटमेंट’ असा आहे. एक बी.ए. इंग्रजीवाला तो वाचून स्टूलवर बसून राहिला होता. वाक्यात कर्ता कोण हे शोधत होता बिचारा. पण पोर्टल आल्याने देणग्या गेल्या असे जे म्हणतात, ते निम्मे खरे मानायला मी तयार आहे. ‘मुलाखतीशिवाय’ या खान्यात गुणांवर काम होते, गरिबाची पोरे लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले, पेढेही खाल्ले. दुसरा खाना आहे ‘मुलाखतीसह’. एका जागेला अनेक उमेदवार संस्थेकडे जातात आणि तिथे त्यांना अध्यापनाखेरीज इमारत निधीचेही प्रश्न विचारले जातात, असे पोरे सांगतात. मी पाहिलेले नाही. तीस वर्षांत त्या देणगीच्या पावतीची झेरॉक्स काढायला माझ्याकडे कुणीही आले नाही. पावतीच नसते.

आपल्या भाषाप्रभुत्वाबद्दलही लिहायला हवे. २००१ साली आपण शाळांसाठी ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्द काढलात. २० जुलै २००९ ला त्यातला ‘कायम’ वगळलात. आमच्या शेजारचा मराठी टायपिंगवाला म्हणतो, तीन अक्षरे खोडून एवढी माणसे आशेला लावणारा लेखक त्याने दुसरा पाहिला नाही. पुढे वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे टप्पे आले. वीस टक्के पगारावर शंभर टक्के फळा पुसणाऱ्या गुरुजींची आझाद मैदानावर जाण्याची निवेदने मीच छापतो. घाऊक दर लावतो.

आता पैशांचे. माझ्या काउंटरवर एक मुलगी येते. बीडकडची. बी.एस्सी. फिजिक्स, बी.एड., टीईटी पास, टेट दोनदा दिली. वय एकतीस. तिची फाइल म्हणजे बटणाची प्लॅस्टिकची पिशवी, तीही एका साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगेत गुंडाळलेली, कारण पहिल्या पावसात जातीचा दाखला भिजला होता. आत दहावी, बारावी, पदवीची सहा सत्रे, बी.एड.ची चार, दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, आधार, नावातल्या स्पेलिंगबद्दलचे राजपत्र. बापाने दोन एकर जमीन गहाण टाकली होती, त्या कागदाचीही एक प्रत आहे. ती कुठल्याच अर्जाला लागत नाही. तरी ती प्रत्येक वेळी सगळ्यात वर ठेवते.

एकदा फॉर्मचे पान फिरत बसले होते. तेवढ्यात तिने शेजारच्या टॅबवर वाचले की विलायतेत फिजिक्सचा पदवीधर शिक्षक-प्रशिक्षणाला गेला तर सरकार त्याला वर्षाला २९,००० पौंड देते. २०२५-२६ चा आकडा होता. रुपयांत तीस लाखांच्या वर. मला म्हणाली, “काका, तिकडे शिकवायला शिकायचे पैसे देतात?”

मी म्हणालो, “आपल्याकडेही देतात की. आपण देतो.”

ती हसली नाही. मीही उगाच बोललो. म्हणजे आपण काहीच करत नाही असे नाही, महोदय. महाडीबीटीवर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार आहे, पुण्यात राहायला वर्षाला साठ हजारांपर्यंत. चांगल्या योजना आहेत. मी स्वतः शेकडो अर्ज भरले. फक्त पहिल्या वर्षाचे पैसे येईपर्यंत दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म सुटलेला असतो, आणि कॉट बेसिसवर खाट देणाऱ्या मालकीणबाईंना ‘अर्ज छाननीत आहे’ हे भाडे म्हणून चालत नाही. यूपीएससीवाली पोरे दरमहा विद्यावेतनाचे कागद घेऊन येतात, त्यांचे चांगले व्हावे. शिक्षक होणाऱ्याने तसला कागद माझ्या काचेवर अजून ठेवलेला नाही. मधल्या काळात ही मुलगी शहराबाहेरच्या एका शाळेत सात हजारांवर शिकवत होती. खात्यावर जमा व्हायचे जास्त, पण एटीएम कार्ड शाळेच्या ऑफिसात असायचे.

कमी पगारात शिकवण्याची परंपरा पुण्याला नवी नाही, हे मी जाणतो. टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्य वीस वर्षे बांधून घेत आणि महिना पंचाहत्तर रुपयांवर राहत. ती त्यांची स्वतःची निवड होती. घोटाळा नंतर झाला. मास्तराने कमी पगारात राहायचे असते, एवढेच संस्थांनी त्यातून उचलले. आपण त्याला सन २००० मध्ये ‘शिक्षण सेवक’ असे गोंडस नाव दिलेत. तीन वर्षे मानधन, मग पगार. प्राथमिकला कित्येक वर्षे महिना सहा हजार होते, जानेवारी २०२३ पासून सोळा हजार केलेत. त्याच वर्षी जुलैत आपण ठरवलेत की नवी भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांना वीस हजारांवर बोलवायचे. दोन्ही कागद माझ्याकडे एकाच दिवशी झेरॉक्सला आले होते. पेन्शन घेणाऱ्या गुरुजींना वीस, ताज्या दमाच्या पोरीला सोळा. गुरुजी सज्जन होते. त्यांनी तिच्याही प्रतींचे पैसे दिले. कदाचित वरचे चार हजार याचसाठी असावेत.

आपले अलीकडचे उपकार सांगतो आणि संपवतो. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की नोकरीत असलेल्यांनाही टीईटी लागेल. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त उरली असतील, तर दोन वर्षांत पास व्हा. त्या महिन्यात माझ्याकडे गिऱ्हाइकांचा एक नवाच वर्ग सुरू झाला. चष्मा कपाळावर चढवलेली, हजेरीपट भरून भरून अक्षर गोल झालेली माणसे. फॉर्मवरचा फोटो वीस केबीत बसत नाही म्हणून ती घाबरत होती.

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी एक बाई आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंचवीस वर्षे पहिली-दुसरी. अप्पा बळवंत चौकातून बालमानसशास्त्राचे जाडजूड गाइड घेऊन आल्या होत्या. बीडची ती मुलगी स्टूलवर बसलेलीच होती. संकेतस्थळ बंद पडलेले. बाईंनी तिला विचारले, “हे पियाजे म्हणजे काय गं?”

मुलीने माझ्याकडून दोन ग्लास मागून घेतले. एक उभट, एक बसका. बसक्यातले पाणी उभटात ओतले आणि म्हणाली, “लहान मुलाला विचारलं तर ते म्हणेल, यात जास्त आहे.”

बाई म्हणाल्या, “अगं, हे तर मी दर जूनला बघते! खिचडीच्या वाटपात रोज भांडणं होतात यावरून. त्याला पियाजे म्हणतात होय?”

मग मुलीने चारही अवस्था सांगितल्या. फळा नव्हता, तर वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर काढून दाखवल्या. बाई मधूनमधून आपल्या वर्गातली पोरे एकेका अवस्थेत बसवून बघत होत्या. अभ्यासिकेतून चहाला निघालेली दोन पोरे थांबली, मग आणखी एक. गल्लीतून जायला वाट राहिली नाही. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता, त्याला एक पोरगा म्हणाला, “काका, पाच मिनिटं, तास चालू आहे.”

साडेनऊला मी शटर अर्धे ओढतो. त्या दिवशी ओढले नाही. संकेतस्थळ पावणेअकराला चालू झाले तेव्हा पियाजे संपून अपूर्णांकांची वजाबाकी निघाली होती, आणि त्यात बाई शिकवत होत्या.

दोघींचे फॉर्म भरले गेले. पैसे कापले गेले. मुलीची पावती आली, बाईंची ‘प्रलंबित’ दिसते आहे. कृपया लक्ष घालावे.

आपला कायम (हा शब्द वगळू नये),
एक झेरॉक्सवाला
सदाशिव पेठ, पुणे ३०

सोबत : वरील पावती, तीन प्रतींत. चौथी लागणार असल्यास आजच कळवावे, टोनर संपत आला आहे.