हात लावू नका, शैक्षणिक साहित्य आहे!

नव्याने रुजू झालेल्या गुरुजींना आणि बाईंना डी.एड.ला न शिकवलेली एक गोष्ट आम्ही इथे फुकट सांगतो. शैक्षणिक साहित्य मुलांसाठी नसते, ते भेटीसाठी असते. भेट म्हणजे केंद्रप्रमुखांची, विस्तार अधिकाऱ्यांची, आणि नशीब फारच जोरावर असेल तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची. मुले काय, रोजच येतात. त्यांच्यासाठी कोणी पताका लावते का?

हे एकदा पटले की पुढचे सगळे सोपे. शब्दडोंगर काढायचा तो रंगीत कार्डशीटवर, आणि टांगायचा दारातून शिरणाऱ्या साहेबांच्या नजरेला येईल अशा उंचीवर. पहिलीतल्या पोराची मान दुखली तर तो कार्यानुभवाचा तास समजावा. शंभर मण्यांची मणिमाळ खिळ्याला अडकवावी, पण खिळा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठोकावा. दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल, दहा पांढरे अशी ती माळ भिंतीवर फार शोभून दिसते. मोजायला खाली काढली की दोरा तुटतो आणि मणी बाकाखाली जातात. मग फोटोपुरती काढावी. फोटोत मुलाचे बोट मण्यावर हवे आणि नजर कॅमेऱ्याकडे. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटले नाहीत तर ते अध्यापन झालेच नाही असे धरतात. फोटो ग्रुपवर टाकावा, लिंक भरावी. लिंक नेहमी 'आजच्या आज' भरायची असते.

शासनही याबाबतीत मागे नाही. 2016 साली निघालेल्या आदेशात गुरुजींनी दर सोमवारी मुलांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवायचा होता. पण आम्हाला सर्वांत भावले ते 2022 चे 'आपले गुरुजी'. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाचा ए-फोर आकाराचा रंगीत फोटो त्याच वर्गाच्या भिंतीवर लावायचा! खऱ्या गुरुजींच्या जागी भलताच माणूस शिकवतो, अशा तक्रारींवर काढलेला हा तोडगा. यात दुसरीही सोय झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने गुरुजींसाठी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे ठेवली आहेत. गुरुजी मतदार यादी घेऊन वाडीवस्तीवर गेले की निदान फोटो वर्गावर लक्ष ठेवून असतो.

मग आली कोरी पाने. 2023 मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची पाने शिवली गेली. जानेवारी 2025 मध्ये ती रद्दही झाली. दोन वर्षांसाठी का होईना, ज्यात एकही चूक सापडणार नाही असे पाठ्यपुस्तक महाराष्ट्राला मिळाले होते.

क्यूआर कोडचे तेवढे हसण्यावारी नेता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडले, 2020 चा 'ग्लोबल टीचर' पुरस्कार मिळवला, आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. कोड आता राज्याच्या पुस्तकांत छापून येतात. काळे-पांढरे चौकोन छापखान्यात सहज छापता आले, त्यांच्यामागचा हट्ट काही छापता आला नाही. शिवाय कोड उघडायला मोबाइल लागतो, मोबाइल वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी वडिलांबरोबर थकून परत येतो.

आता थोडे जुन्या लोकांविषयी, म्हणजे तपासणीत नापास झाल्या असत्या अशा दोन बायांविषयी. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले; अनुताई वाघ तिथेच त्यांना मिळाल्या. मॉन्टेसरीची साधने महाग, म्हणून या दोघींनी शंख, शिंपले, बिया, पाने, खडे यांवरच पोरांना मोजायला, जुळवायला शिकवले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. कौतुक ठीक आहे, पण नोंदी कुठे आहेत? शिंपल्यांची तीन दरपत्रके मागवली होती का? आणले किती, फुटले किती, शिल्लक किती? कुरणाच्या भिंती बोलक्या केल्या होत्या का? आणि ते अरविंद गुप्ता! आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, आणि काडेपेटीतल्या काड्या व सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमिती शिकवतो. वर सांगतो की मुलाने खेळणे मोडून बघितले पाहिजे. 2018 मध्ये या गृहस्थांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे जडसंग्रह नोंदवही नसावी म्हणून वाचले.

कारण सगळी मेख त्या नोंदवहीत आहे. ज्यांनी शाळेचा चार्ज घेतला आहे त्यांना हा विनोद वाटणार नाही. 1987 मध्ये खडू-फळा मोहीम निघाली तेव्हा खेडोपाडी पेट्या गेल्या: नकाशे, पृथ्वीगोल, गणिताचे साहित्य, विज्ञानाचे साहित्य. पुष्कळ ठिकाणी त्या मुख्याध्यापकांच्या कपाटात सुखरूप राहिल्या. मुख्याध्यापक काही दुष्ट नव्हते. पृथ्वीगोल मुलांच्या हाती दिला आणि आसावरून निखळला, तर बदलीच्या वेळी तो भरून कोण देणार? गोल फिरवून कोणाला दिवस-रात्र समजले, याचा रकाना नोंदवहीत नाही. गोल मोडला, याचा आहे. मोडलेली वस्तू निर्लेखित करायची तर प्रस्ताव, यादी, पंचनामा, मंजुरी. त्यापेक्षा कुलूप स्वस्त. म्हणून आजही इंग्रजीची पेटी, भाषेची पेटी, गणिताची पेटी नव्या कोऱ्या दिसतात आणि भेटीच्या शेरेपुस्तकात 'साहित्य सुस्थितीत आहे, समाधान वाटले' असा शेरा पडतो.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये मिळत. त्यात पदरचे घालून रात्री जेवणानंतर काड्या रंगवत बसणारे शिक्षक या राज्यात खूप आहेत, आणि त्यांच्या वर्गातल्या माळांना दोन-चार मणी कमी असतात. नेमके तेच भेटीच्या वेळी खजील होतात.

तेव्हा शिक्षण विभागाला नम्र विनंती की इतकी परिपत्रके काढता तर आणखी एक, अर्ध्या पानाचे, काढावे. मुलांच्या हाताळणीत साहित्य मोडले, फाटले किंवा हरवले तर शिक्षकाकडून खुलासा मागू नये आणि वसुली करू नये. वाटल्यास तुटलेल्या माळेचा फोटो मागवा. तो आम्ही आजच्या आज पाठवायला लावू.