न सुटणाऱ्या गाडीतली सुट्टी

रायपूरच्या समता कॉलोनीत राहणाऱ्याला रेल्वेवर लिहायला वेगळा अधिकार मिळवावा लागत नाही. विशाखापट्टणम ते हजरत निजामुद्दीन धावणारी समता एक्सप्रेस रायपूरला थांबते, आणि नाव एकच असल्यामुळे ती आपल्याच गल्लीतून निघाल्यासारखी वाटते. दोघींनी नाव समता घेतलं आणि दोघींच्याही पोटात वर्ग ठेवले, हे साम्य तर आणखी खोल आहे. त्यामुळे सुट्टीत रेल्वेच्या डब्यात राहायला जाण्याची जी नवी हौस निघाली आहे, तिच्यावर मत देणं हे या वसाहतीचं कर्तव्यच ठरतं. हौस अशी, की डबा रुळावरून उतरवायचा किंवा रुळावरच कायमचा उभा करायचा, आत गादी, गीझर आणि वायफाय घालायचं, आणि रात्रीचे पैसे घ्यायचे. डबा मिळाला नाही तर खोलीलाच डब्याचं रूप द्यायचं. माझं म्हणणं एवढंच, की यात गिऱ्हाइकाला डबा मिळतो, गाडी मिळत नाही. आणि पैसे मात्र गाडीच्या आठवणीचे घेतले जातात.

आधी एक गैरसमज दूर करतो. रेल्वेच्या आवारात झोपण्याला माझा विरोध नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर 2021मध्ये 48 कप्प्यांचं पॉड हॉटेल सुरू झालं, तेव्हा बारा तासांचे 999 आणि चोवीस तासांचे 1999 रुपये असा दर होता. तिथे जो झोपतो त्याला पहाटे कुठली तरी गाडी धरायची असते किंवा रात्री कुठली तरी चुकलेली असते. तो कप्प्यात शिरतो तो गरजेपोटी, आणि गरजेला कुणी हसू नये. स्टेशनांवरच्या रिटायरिंग रूमचंही तेच. ती खोली मागायची तर कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर दाखवावा लागतो. म्हणजे आधी प्रवास सिद्ध करा, मग पलंग घ्या. रेल्वेने नकळत एक मोठं तत्त्व या नियमात घालून ठेवलं आहे: मुक्काम हा प्रवासाचा आश्रित आहे. हौशी डब्याला मात्र पीएनआर लागत नाही. तिथे लोक मोटारीने येतात, डब्याशेजारी मोटार लावतात, आणि सकाळी मोटारीनेच परत जातात.

सुट्टी आणि सुटणं हे शब्द मराठीत एका घरचे आहेत. गाडी सुटते, शाळा सुटते, मग सुट्टी लागते. कुठून तरी सुटल्याशिवाय सुट्टी नाही, हे भाषेला हॉटेलवाल्यांच्या आधी कळलं होतं. आता रेल्वेतलं सुख नेमकं कशात असतं ते पाहू. घरी सकाळी अकरा वाजता आडवं झालेल्या माणसाला दहा मिनिटांच्या आत कुणीतरी विचारतं, ‘‘बरं वाटत नाही का?’’ दुसऱ्या दहा मिनिटांत दळणाचा डबा हातात येतो. तोच माणूस अकरा वाजता वरच्या बर्थवर पसरला, तर त्याच्याकडे कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. कारण तो काही करत नसला तरी त्याच्या खाली काम चाललेलं असतं. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं, डोंगरगडला टेकडीवरच्या बम्लेश्वरीला बसल्या जागेवरून हात जोडले, गोंदिया आलं आणि फलाटावरची मराठी कानावर पडली. नागपूरपर्यंतचे तीनएकशे किलोमीटर त्याने पडल्या पडल्या उरकले. जगात इतका कर्तबगार आळस दुसरीकडे कुठेही उपलब्ध नाही. उभ्या डब्यात हाच आळस फक्त आळस राहतो. तिथे अकरा वाजता जाग आली, की माणूस जिथे झोपला तिथेच उठतो, आणि दळणाची आठवण होते.

चालत्या वाहनाचा मनावर जो परिणाम होतो त्याला रायपूरकडे एक भारदस्त दाखला आहे. 1877मध्ये विवेकानंद, म्हणजे तेव्हाचे लहानगे नरेंद्र, रायपूरला यायला निघाले तेव्हा इथवर रेल्वे पोचली नव्हती. जंगलातून बैलगाडीने येताना डोंगराच्या कपारीतलं प्रचंड मधमाश्यांचं पोळं पाहून त्यांची बाह्य शुद्ध हरपली, असं त्यांच्या चरित्रांत येतं. हे घडलं ते चालत्या गाडीत. बैल सोडून, जू जमिनीवर टेकवून, गाडीवर नक्षीची छत्री लावून ‘बैलगाडी-निवास’ असा फलक टांगला असता, तर काय दिसलं असतं? बैल दिसले असते.

आता डब्याच्या शरीररचनेकडे वळू. आपला डबा जेमतेम सव्वातीन मीटर रुंद असतो. रूळ 1676 मिलिमीटर अंतरावर, बाजूने दुसरी गाडी जाणार, मध्ये बोगदे आणि पूल, त्यामुळे तो याहून रुंद करता येत नाही. जुन्या स्लीपरमध्ये 72 माणसं बसवली, नव्या लांब डब्यात 80. एके काळी तर साइडच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ घुसवून पाहिला, आणि त्यात झोपलेल्या माणसाला पुस्तकातल्या खुणेच्या कागदाचं आयुष्य म्हणजे काय ते समजलं. रेल्वेने तो पुढे काढूनही टाकला. ही सगळी अडचण आपण सोसतो कारण तिला कारण आहे. अडचण आणि कारण एकत्र असतील तर त्याला आपण अनुभव म्हणतो, कारण काढून घेतलं की नुसतं अवघडणं उरतं. मोकळ्या जमिनीवर, बाजूने कुठलीही गाडी जाणार नसताना सव्वातीन मीटरच्या खोलीत शिरणं म्हणजे उपास नसताना उपाशी राहणं. इथे कुणी म्हणेल, उपास नसतानाही साबुदाण्याची खिचडी आपण आवडीने खातोच की! मुद्दा बिनतोड आहे, आणि मी तो अंशतः मान्य करतो. पण खिचडीला स्वतःची चव आहे. साइड लोअरला कसली चव? त्याला चव येते ती खिडकीमुळे, आणि खिडकीला येते ती पलीकडचं शेत मागे पळतं म्हणून. खिडकीत चोवीस तास तेच बोगनवेलीचं झाड दिसत राहिलं, तर ती भिंतच, फक्त काचेची.

उभ्या डब्याची परीक्षा एकदा देशभर होऊन गेली आहे, ती आपण विसरतो. 2020मध्ये करोनाच्या साथीत रेल्वेने पाच हजारांहून जास्त डबे विलगीकरणासाठी तयार केले. मधले बर्थ काढले, एका बाजूच्या शौचालयाचं स्नानघर केलं. म्हणजे आजचे हौशी हॉटेलवाले जे करतात तेच, शिवाय फुकट. पण त्या डब्यात राहायची वेळ येऊ नये म्हणून माणसं देवाला नवस बोलत होती. अर्थात हा दाखला थोडा अन्यायाचा आहे, कारण आजाऱ्याला राजवाडाही नकोसाच असतो. तरी इतके सारे डबे यार्डांत सज्ज उभे असताना, साथ ओसरल्यावर एकदा सहकुटुंब राहून यावं, असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील, खऱ्या गाडीचं इतकं कौतुक करू नका. गाडी उशिरा येते, शेजारचा घोरतो, शौचालयाचं वर्णन कौटुंबिक अंकात छापता येत नाही, आणि दोन महिने आधीही कन्फर्म तिकीट मिळत नाही. सगळं खरं. पण या तक्रारी चांगल्या गाडीच्या बाजूच्या आहेत, उभ्या गाडीच्या बाजूच्या नाहीत. वरण खारट झालं तर पुढच्या वेळी मीठ कमी घालावं, ताटात वरणाचं चित्र वाढू नये. आणि घोरण्याबद्दल सांगायचं तर हॉटेलातल्या डब्यात घोरणारा आपल्याच घरचा असतो, त्यामुळे त्याच्याविषयी चार अनोळखी माणसांशी डोळ्यांनी बोलायची सोयही राहत नाही. गाडीतली समता हीच आहे. ज्यांची आडनावं ठाऊक नाहीत अशी सहा माणसं रात्रीपुरती एका घोरण्याविरुद्ध एकत्र येतात, सकाळी एकमेकांना तिखटमिठाच्या पुऱ्या देतात, आणि उतरल्यावर आयुष्यात पुन्हा भेटत नाहीत. डेक्कन ओडिसी ही आलिशान पर्यटन-गाडी 2004पासून महाराष्ट्र दाखवते, आणि ती चालती आहे म्हणून मी तिला मानतो. पण तिथेही पुरीची देवाणघेवाण होत असेल अशी मला आशा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जुने डबे भंगारात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडले तर बिघडलं कुठे? आयसीएफ कारखान्याच्या डब्याचं सेवेतलं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतात, आणि पंचवीस वर्षं माणसं वाहिलेल्या वस्तूला कटरखाली घालायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणूनच आसनसोलला फेब्रुवारी 2020मध्ये आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ऑक्टोबर 2021मध्ये डब्यांची उपाहारगृहं झाली, पुढे नागपूरलाही झालं. यांना मी सोडून देतो. तासभर बसून डोसा खाणाऱ्याची फसवणूक होत नाही, तो डोशासाठी आलेला असतो. इंग्लंडमध्ये एलएनईआर कंपनीने 1933मध्ये जुने डबे गावोगावच्या सायडिंगला लावून सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली, पण अट घातली की राहायला येणाऱ्यांनी यायचं ते रेल्वेची तिकिटं काढूनच. आपल्या पीएनआरची ती मावसबहीण. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर अभयारण्यात साबी नदीच्या पुलावर 2020च्या अखेरीस एक अख्खी गाडी हॉटेल म्हणून उभी केली. शंभर वर्षांपूर्वी पाहुण्यांची गाडी रात्री त्याच पुलावर मुक्कामाला थांबायची, म्हणून. तिथे माझा युक्तिवाद जरा लंगडतो हे कबूल केलं पाहिजे. पण का लंगडतो तेही पाहा: तिथे गाडी हलत नाही, पण खिडकीखालून हत्ती हलतात. ज्याच्या आवारात हत्ती असतील त्याने खुशाल डबा उभा करावा.

खुद्द रेल्वेने हॉटेलं काढली तेव्हा तिला डब्याचा मोह पडला नव्हता, हा माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा. रायपूर ज्या बंगाल नागपूर रेल्वेच्या मार्गावर आलं, तिने पुरीला समुद्राजवळ 1925मध्ये बीएनआर हॉटेल उघडलं. छत्तीसगडातली मराठी कुटुंबं जगन्नाथाला जातात ती याच पुरीला. त्या हॉटेलात उंच छत, रुंद व्हरांडे, ऐसपैस खोल्या. ज्यांच्याकडे डबेच डबे होते त्यांनी पाहुण्यांना एकही डबा दिला नाही. दिवसरात्र डब्यांत काढलेल्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, की उतरलेल्या माणसाला पहिली गरज पाय पसरण्याची असते. मिठाईवाला घरी पेढे खात नाही, तसं.

आता रायपूरकरांचा हळवा मुद्दा राहिला: छोटी लाइन. रायपूर ते धमतरी, आणि अभनपूरहून राजिमला फाटा. 1900च्या सुमारास सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी शंभरावर वर्षं अशा बेताने चालली, की प्रवाशाला प्रत्येक झाड नीट ओळखता यावं. शहरातला तिचा मार्ग उखडून तिथे एक्सप्रेस-वे केला. वेग हा शब्द त्या जमिनीने पहिल्यांदा तेव्हा ऐकला असेल. मार्च 2025मध्ये अभनपूरपर्यंत मोठ्या रुळांवरची गाडी सुरू झाली. जुन्या छोट्या लाइनीचा एखादा डबा कुठे मिळाला तर त्यात दोन रात्री राहायला काय हरकत आहे, असं कुणी विचारलं तर मात्र मला चटकन ‘हरकत आहे’ म्हणता येत नाही. नागपूरला मोतीबागेत 2002पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे डबे पाहावेत, हात लावावा, मुलांना दाखवावेत. पण राहायचं? छोट्या लाइनीचा सगळा गोडवा ती किती हळू जायची यात होता. अजिबात न जाणं हे हळू जाण्याच्या पुढचं पाऊल आहे असं एखादा तर्कशास्त्री म्हणेल, पण धमतरीचा मनुष्य म्हणणार नाही. हळू गेलं तरी धमतरी येत होतं.

तरीही समता कॉलोनीत कुणाला असं हॉटेल काढायचंच असेल तर त्याने ते प्रामाणिकपणे काढावं. आरएसीच्या गिऱ्हाइकाला निम्मा पलंग द्यावा, आणि उरलेल्या निम्म्यावर गिऱ्हाइकाला अनोळखी असा, लग्नाच्या आहेराची पितळी समई मांडीवर घेऊन बसलेला एक गृहस्थ बसवावा. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच उघडावा, आणि पावणेदहापासूनच त्यावरून वाद लावून द्यावा. विनाकारण साखळी ओढणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद, ही रेल्वे कायद्यातली तरतूद खोलीत लावावी, कारण न चालणाऱ्या गाडीत साखळी ओढण्याइतकं विनाकारण दुसरं काही नाही. पहाटे पाचला ‘‘चाय, गरम चाय’’ म्हणत एकाने दिवा लावून जावं. नाश्त्याला पोहे-जलेबी द्यावी, पण सुटे पैसे नाहीत म्हणून वीस रुपये राखून ठेवावेत. हे सगळं नीट जमेल. पण रात्री दोनला जाग आलेला पाहुणा सवयीने पडदा सरकवून विचारणार, ‘‘कुठलं स्टेशन आलं?’’ आणि मालकाला खोटं बोलायचं नसेल तर तो म्हणणार, रायपूर. पाचला पुन्हा विचारलं, तरी रायपूरच.