शहागंजला न जाता शहागंज लिहिण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम, छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज बाजारात जाऊ नये. गेलात की पंचाईत होते: डोळ्यांना दिसते ते आधीच्या लेखांशी जुळत नाही आणि मग नवीन लिहावे लागते. शिवाय 'लपलेला खजिना' हे शीर्षक ठरून गेलेले असते. भरबाजारात हातगाड्या आणि रिक्षांचे धक्के खात तो लपलाय कुठे, हे शोधायचे कोणी?

सुरुवात 'बावन्न दरवाजांचे शहर' अशी करावी. दरवाजे मोजू नयेत. भडकल दरवाजा मलिक अंबरने 1612 च्या सुमारास मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारला, असे एकाबद्दल सांगून बसलात तर वाचक उरलेल्या एक्कावन्नांची चौकशी करील.

कीवर्डच्या बाबतीत हे शहर भाग्यवान. आधी खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. चारही नावे पहिल्याच परिच्छेदात कोंबावीत. वाचकाला ही चार शहरे वाटली तरी हरकत नाही, गूगल खूश होते.

फोटो घड्याळाच्या मनोऱ्याचा, तोही आयता. खाली 'इथे काळ जणू थांबला आहे' हे वाक्य. घड्याळ पाहायला मात्र जाऊ नये. चालू निघाले तर वाक्य गेले, बंद निघाले तर विनोद झाला.

नान-खलियाला महंमद तुघलकापासून सुरुवात करणे सक्तीचे. 1327 मध्ये त्याने राजधानी दौलताबादला हलवली आणि लष्कराच्या जेवणातून हा पदार्थ आला, असे सांगतात. 'असे सांगतात' पदरी असले की पुरावा लागत नाही. देग किती वाजता रिकामी होते, रविवारी किती वेळ ताटकळावे लागते, हे लिहू नये. कामाची माहिती हाती लागली की वाचक लेख अर्धवट टाकून जेवायला जातो.

नियोजनासाठी एक्सेलमध्ये महिन्याचे कॅलेंडर रंगवावे. 'रमजानमध्ये शहागंजात काय खावे' हा लेख ईदनंतर चार दिवसांनी टाकावा, कारण क्लायंटची मंजुरी तेव्हाच येते.

इथे धोक्याची सूचना. बाजारातल्या भाजीवाल्याचे ऐकू नये. सकाळी तो 'ताजी मेथी' म्हणून ओरडतो, भाव विचारल्यावरच सांगतो. दुपारी 'वीसला दोन जुड्या'. दिवेलागणीला पाला मलूल झाला की नुसते 'दहा, दहा, दहा'. विशेषण एकही नाही. एका गिऱ्हाइकाशी दखनीत, मागच्या आजींशी मराठीत, माल तोच. रमजानचा चंद्र दिसायच्या आधीच शेजारच्या गाडीवर खजूर येतो, तोही कोणाच्या मंजुरीविना. असल्या माणसाच्या नादी लागलात तर दीड हजार शब्दांची ऑर्डर तीन शब्दांत आटोपेल, आणि आपल्याला पैसे शब्दांवर मिळतात.

इतके करूनही एखाद्या वाचकाने 'रात्री दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात?' असे विचारलेच, तर 'खूप छान प्रश्न! कृपया इनबॉक्स करा' असे लिहावे. इनबॉक्स उघडू नये.