यूपीएसवाल्या शेठजींस अनावृत पत्र

श्री. रा. रा. शेठजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की, आपण मोठ्या मायेने गळ्यात घातलेला यूपीएस टेबलाखाली सुखरूप आहे. वीज गेली की संगणकाच्याही आधी तो मान टाकतो. धन्याआधी देह ठेवण्याची ही स्वामिनिष्ठा हल्ली कुठे बघायला मिळते?

आपल्या गणिताला तर तोड नाही. खोक्यावरच्या 600 व्हीएवर टिचकी मारून आपण म्हणालात, "सहाशे वॉट, साहेब, डोळे झाकून न्या!" डोळे का झाकायचे, ते मागच्या बारीक अक्षरांत सापडलं : 360 वॉट. मधले 240 कुठे गेले, हे विचारण्याचा उद्धटपणा मी करणार नाही.

'अर्धा तास आरामात' हा आपला आशीर्वादही शिरोधार्य. आतली बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरची. कागदावर 84 वॉट-अवर, तेही वीस तास थेंब थेंब रिकामी केली तर. दीड-दोनशे वॉटचा संगणक एकदम गळ्यात पडला की त्यातलं निम्मंच हाती लागतं. कोऱ्या बॅटरीवर दहाएक मिनिटं मिळाली, फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करता आलं, की यूपीएसचं काम झालं. पण एवढं खरं सांगितल्यावर धंद्याला बरकत कशी येणार!

आणि बॅटरी कोरी होती असं तरी कोण म्हणालं? खोक्यावरच्या निर्मितीच्या महिन्यावर आपण किमतीचं स्टिकर किती हळुवार हातांनी चिकटवलं होतंत! कुणाचं वय चारचौघांत उघड करू नये, हा आपला संस्कार. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी सल्फेट धरून मरते, ही आमची क्षुद्र शंका.

'प्युअर साइन वेव्ह'बद्दलही ऋणी आहे. निघाली पायऱ्यापायऱ्यांची. संगणकाला वीज पुरवणारे ॲक्टिव्ह पीएफसीचे नवे एसएमपीएस असल्या लहरींवर कधी कधी रुसतात, आमचाही रुसला. टक्‌ असा आवाज, आणि स्क्रीन काळा.

आपल्या पोऱ्याने घरी येऊन लेझर प्रिंटरही यूपीएसलाच जोडून दिला, त्याचे खास आभार. प्रिंटरचा हीटर तापू लागला की यूपीएस अशी किंकाळी फोडतो की शेजारच्या काकू दार वाजवतात. वीज गेल्यावर जो खरोखर चालू राहायला हवा, तो बिचारा राउटर मात्र भिंतीलाच.

वॉरंटीचं विचारलं तर आपण प्रेमाने समजावलंत, "बॅटरी त्यात येत नाही, साहेब." कार्डावर शिक्का नाही म्हटल्यावर बाकीचंही आलं नाही.

आता एकच विनंती. पुढचं गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या संगणकाचे वॉट विचारा, त्याच्या दीडपट वॉटचा यूपीएस दाखवा, निर्मितीचा महिना उघडा ठेवा आणि कार्डावर शिक्का मारा. शिक्का गल्ल्याशेजारच्या खणात असतो. मी पाहिलाय.

आपला चिरऋणी,
एक गिऱ्हाईक