खुसखुशीत, विषयाचं बंधन नाही

'मामा, तुला बर्नआउट झालाय,' हिंजवडीतल्या भाचीनं निदान केलं आणि मला चक्क बरं वाटलं. आजवर मला पित्त, पाठदुखी असले घरगुती आजारच झाले. एसी ऑफिसातला हा पहिलाच. पण तिला माझं सुख बघवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं म्हणे २०१९ सालीच बजावलंय, की हा आजार नव्हेच. कामाच्या ठिकाणचा ताण साचत गेला, निस्तरला नाही, की माणूस गळून जातो, त्याला कामाचा वीट येतो आणि हातून काम धड होत नाही. तिन्ही लक्षणं मला तंतोतंत होती. अडचण एवढीच, की त्यासाठी आधी कामधंदा असावा लागतो, आणि माझं मानधन पाहून लेखनाला कुणी धंदा म्हणणार नाही. मागे एका अंकानं मानधन म्हणून त्याच अंकाची आणखी एक प्रत पाठवली होती.

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात वाचन आलं. त्यापायी लेखकाच्या पावसाळ्याचं काय होतं, ते चकली खाणाऱ्याला दिसत नाही. जूनमध्ये संपादकांचे फोन सुरू होतात. 'विषयाचं बंधन नाही हो, फक्त तुमच्या त्या खुसखुशीत शैलीत.' नाही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण डोळ्यांपुढे अनुक्रमणिका येते.

अनुक्रमणिकेबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या. अंक हाती आला की वाचक मुखपृष्ठ बघतो, व्यंगचित्रं चाळतो, राशिभविष्य गाठतो. लेखक थेट अनुक्रमणिकेवर. नाव आहे ना? कुणाच्या वर, कुणाच्या खाली? 'ललित'मध्ये की 'विनोद'मध्ये? ('विनोद'मध्ये टाकलं की आम्ही दुखावतो, 'वैचारिक'मध्ये टाकलं की घाबरतो.) मग पान क्रमांक. साठच्या आत असलात तर मान आहे. दोनशेच्या पुढे गेलात की शेजारी मसाल्यांच्या जाहिराती. एकदा तर माझा लेख तूळ आणि वृश्चिक यांच्या मधोमध आला होता. ओळखीचे एक ज्येष्ठ लेखक छापून आलेला स्वतःचा लेख वाचत नाहीत, पण अनुक्रमणिका बोट फिरवत, तांदळातले खडे निवडावेत तशी तपासतात. मी हसतो त्यांना. मी बोट लावत नाही, पेन्सिल लावतो. आणि मुखपृष्ठावर मोठ्या नावांच्या शेवटी 'व इतर मान्यवर' असतं ना, त्या 'इतर'मध्ये मी असतो. घरी सांगताना 'मान्यवर' तेवढं सांगतो.

तर असे होकार साचतात आणि श्रावणात फेडावे लागतात. 'बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या,' बायको चहा गाळता गाळता म्हणते, 'तुम्हाला दोन हजार शब्द होईनात?' मी गडकऱ्यांचा दाखला देतो. त्यांचं 'राजसंन्यास' अपुरंच राहिलं. 'ते तेहतिसाव्या वर्षी गेले म्हणून. तुम्ही साठीला आलात.'

यंदा मावशी गेली. तेराव्याच्या पंगतीत वरणभात वाढून झाला, गुरुजी संकल्प सोडत होते, तेवढ्यात त्यांच्या कमरेचा मोबाइल ठसक्यात लावणी म्हणू लागला. सगळी पंगत हसली. काकासुद्धा हसले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी एकटाच हसलो नाही. हा प्रसंग कुठल्या अंकाला द्यावा, याचा मी विचार करत होतो. काकांना वाटलं, मला भरून आलंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्या मावशीनं मला शाळेतल्या निबंधापासून शाबासकी दिली, तिच्या पानावर बसून मी शब्दसंख्या मोजत होतो. हे मात्र मी भाचीला सांगितलं नाही. तो लेख अजून कुणाला दिलेला नाही आणि देणारही नाही. (हा परिच्छेद धरू नका.)

त्याच आठवड्यात सोसायटीच्या चिटणिसांनी नोटीस लिहून मागितली. टाकी सोमवारी साफ होणार, रविवारी रात्री पाणी भरून ठेवावे, एवढाच मजकूर. मी रात्री अकराला बसलो आणि उठलो तेव्हा दीड वाजला होता. चहाची आठवणसुद्धा झाली नाही. शेवटी एक तळटीप जोडली: 'मागील सफाईत टाकीत सापडलेली डाव्या पायाची चप्पल कार्यालयात सुरक्षित आहे. उजवी घेऊन येणाऱ्यास ओळख पटवून देण्यात येईल.'

चिटणिसांनी तळटीप खोडायला पेन काढलं. एकाही संपादकाशी भांडलो नसेन इतका मी त्यांच्याशी भांडलो. तळटीप राहिली. सकाळी दूधवाला क्रेट खाली ठेवून फळ्यापुढे उभा होता. ओठ हलवत त्यानं नोटीस वाचली, 'डाव्या पायाची'पाशी हसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. मी जिन्यात लपून बघत होतो.

आता लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस हवी आहे. विषयाचं बंधन आहे, शब्दमर्यादा फळ्यावर मावेल तेवढी, मानधन शून्य. मी तात्काळ होकार दिला. अट एकच घातलीय: खाली नाव माझं, आणि तेही चिटणिसांच्या नावाच्या वर.